आयेच्या नावाने नऊ कॅसेटी

पंतनगर, घाटकोपर (पूर्व)
सोमवार, २२ सप्टेंबर १९८६

अनंता,

तुझं पत्र शनिवारी आलं. पाकिटावर माझं नाव बघून मी पोस्टमनला विचारलं, आमचंच आहे ना नक्की? चार वर्षं मस्कतहून या घरी येणाऱ्या प्रत्येक पाकिटावर आयेचं नाव असायचं आणि आत कॅसेट. आयेला वाचता येत नाही हे तुला माहीत, पण माझं नाव लिहायचं नव्हतं म्हणून तू तिचं लिहायचास. भाऊ कुणाचा, हट्टी असणारच.

‘ताई, माझं चुकलं. दिवाळीला येतोय, महिनाभराची रजा मिळाली,’ असं लिहिलंस आणि खाली विचारलंस, ‘घशासाठी इथे चांगल्या गोळ्या मिळतात, आणू का?’ पत्र वाचताना मी नीट होते. त्या गोळ्यांपाशी रडू आलं.

गोळ्या आणू नकोस. त्यांनी जिभेवर साय धरल्यासारखं होतं आणि च, ज घसरतात. ज्येष्ठमध बरा. पंधरा वर्षं हा आवाज भाड्याने देण्याचा धंदा केला, त्यातून शिकले ते असलंच सगळं. आदल्या दिवशी दही खायचं नाही. कडक इस्त्रीची सुती साडी नेसायची नाही, माइकपाशी ती वाजते. पान उलटताना आधी त्याचा कोपरा दुमडून ठेवायचा. आणि हसू हवं असेल तर ओठ खरोखर ताणायचे, नाहीतर ऐकणाऱ्याला कळतं. मनात काय चाललंय ते मात्र कुणाला कळत नाही, हेही मी तिथेच शिकले.

हल्ली बोलावणी येतात ती म्हातारीच्या आवाजासाठी. सासू, आजी, डोळ्यांच्या दवाखान्याच्या जाहिरातीतली आंधळी बाई. मी एकेचाळीस वर्षांची आहे, पण माइकसमोर सत्तरीच्या खाली कुणी येऊ देत नाही. मागच्या आठवड्यात एकाने विचारलं, ‘बाई, जरा अजून थकलेला आवाज मिळेल का?’ म्हटलं, मिळेल की, आज मुद्दाम काढावा लागणार नाही.

आये बरी आहे. तुझं पत्र तिला वाचून दाखवलं.

हे वाक्य लिहून बराच वेळ बसले आहे. पुढचं आज होणार नाही.

अंधेरी
गुरुवार, २५ सप्टेंबर

स्टुडिओच्या बाहेरच्या बाकावर बसून लिहिते आहे. दहाला बोलावलं होतं, साडेबारा वाजले, जाहिरात करून घेणारी पार्टी अजून आलेली नाही. आमचं काम म्हणजे चार आणे बोलणं आणि बारा आणे बाकावर बसणं. नोकरी नाही, त्यामुळे उठून जाताही येत नाही. गेलं की पुढच्या वेळी दुसरी बसलेली असते.

इथले रेकॉर्डिस्ट विद्याधर मास्तर आत्ताच चहा देऊन गेले. पहिल्यांदा माइकपुढे उभी राहिले तेव्हा काचेपलीकडे तेच होते. मी पाठ केल्यासारखी घडाघडा बोलले. ते म्हणाले, ‘बाई, माणूस बोलण्याआधी श्वास घेतो. प्रत्येकाचा वेगळा असतो. तो पकडा, शब्द आपोआप मागून येतील. श्वास खोटा असला की सगळं खोटं.’ त्या एका वाक्यावर मी आजवर पोट भरलं. आणि त्याच वाक्यावर तुला फसवलं.

अनंता, आये बोलत नाही. गेल्या वर्षीच्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजतं सगळं, तोंडातून घुं घुं एवढंच येतं. म्हणजे पावणेदोन वर्षं झाली.

त्या दुपारीही मी इथेच होते, याच स्टुडिओत. शेजारच्या कमलताई तिळाच्या लाडवांचा डबा परत द्यायला आल्या म्हणून त्यांना आये मोरीपाशी पडलेली दिसली. मी पोचले तोवर तिला दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, तास दोन तास आधी आणलं असतं तर कदाचित. मला वाटलं, आता हे अनंताला कळलं तर तो काय म्हणेल ते मला पाठ आहे. एकदा म्हणून झालेलं आहेच.

पार्टी आली. बोलावताहेत.

घाटकोपर
शनिवार, २७ सप्टेंबर

गेल्या वर्षी फेब्रुवारीत तुझी कॅसेट आली होती. ‘आये, गेल्या महिन्यात तुझी कॅसेट नाही आली. बरी आहेस ना? मला इथे काही सुचत नाही.’ तू पाठवलेल्या टू-इन-वनवर मी ती तिला ऐकवली. ती एकटक त्या यंत्राकडे बघत होती आणि तोंड हलवत होती. तुझा करार दोन वर्षांचा, पासपोर्ट कंपनीकडे. तुला कळवलं असतं तर तू तिथे डोकं आपटून घेतलं असतंस, येता तर आलं नसतं. असं मी स्वतःला समजावलं. खोटं नव्हतं ते. पण पूर्ण खरंही नव्हतं, कारण मला तुझी भीती वाटत होती.

स्वयंपाकघराचं दार लावलं, अंगावर गोधडी घेतली. गोधडीखाली खोलीचा घुमारा येत नाही, स्टुडिओतली युक्ती. आयेचा श्वास मला लहानपणापासून ठाऊक. बोलण्याआधी ती थोडी थांबते, नाकातून हवा ओढते आणि वाक्याच्या शेवटी दम संपत आल्यासारखी उतरते. मी तसा श्वास घेतला आणि म्हटलं, ‘अनंता, झिला, बरो आसंस मां? जेवान वेळेर करतंस मां?’

गोधडी बाजूला केली तेव्हा घाम फुटला होता. कॅसेट मागे घेऊन वाजवून पाहिली. मलाच आयेची आठवण आली, आणि ती पलीकडे दहा हातांवर खाटेवर होती.

तिला न विचारता पाठवणं जिवावर आलं. तिच्या डाव्या हाताशी आम्ही स्टीलची वाटी ठेवली होती, काही हवं असेल तर ती खाटेच्या लोखंडी नळीवर आपटायची. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. मी कॅसेट ऐकवली आणि विचारलं, ‘धाडू?’ बऱ्याच वेळाने एक ठोका आला. तुला वाईट बातमी द्यायची नाही, असं आमचं दोघींचं ठरलं. म्हणजे ठरवलं मी, तिने एक ठोका दिला.

मग ती त्यात रमलीच. मी खाटेपाशी बसून आधी बोलून दाखवायची आणि ती तपासायची. एकदा मी म्हटलं, ‘गावाक मागल्या दारचो फणस यंदा लागूक नाय.’ दोन ठोके. काय चुकलं ते शोधताना अर्धा तास गेला. शेवटी कळलं, कापा लागला नव्हता, बरका लागला होता, आणि दोन्ही फणसांना एका वाक्यात बसवलेलं तिला मान्य नव्हतं. एवढी चोख दिग्दर्शक मला आयुष्यात भेटली नाही. कमलताई दारातून म्हणायच्या, ‘काय गं, आज शूटिंग आहे वाटतं.’ आये एका बाजूने हसायची.

अशा आठ कॅसेटी गेल्या. त्या आठांमध्ये आवाज माझा होता, पण म्हणणं तिचं होतं, एवढं मी शपथेवर सांगेन.

नववी तशी नाही.

रविवार, २८ सप्टेंबर

आज लिहूनच टाकते. आये झोपली आहे. की डोळे मिटून पडली आहे, कुणास ठाऊक.

नववी कॅसेट यंदा जूनमध्ये पाठवली. त्याआधीच्या तुझ्या कॅसेटमध्ये तू घरातल्या भिंतीला रंग दिला का विचारलंस, कमलताईंच्या मुलीचं लग्न ठरलं का विचारलंस, खालच्या वाण्याचीही चौकशी केलीस. माझं नाव नाही. दर वेळी नसायचंच. त्या दिवशी मी तीन ठिकाणी जाऊन आले होते, तिन्हीकडे ‘कळवतो’ म्हणाले होते, आणि घरी येऊन तुझा आवाज ऐकला. खालच्या वाण्याचा मला राग आला, काय सांगू.

आये दुपारची गोळी घेऊन झोपली होती. मी गोधडी घेतली आणि तिच्या तोंडचं म्हणून हे बोलले: ‘सुगंधाक बोल लावू नको, झिला. त्या दिवशी सकाळी तुझ्या बापाशीनच तिका सांगल्यान, काम टाकून येव नको म्हणान.’

तिला न ऐकवता पाठवलं. तीन महिन्यांनी तुझं पत्र आलं, ‘ताई, आयेने सांगितलं. मला माहीत नव्हतं. माझं चुकलं.’

तुझं काही चुकलं नव्हतं, अनंता. बाबांनी तसं सांगितलं नव्हतं.

आता त्या दिवसाचं ऐक. गिरण्यांच्या संपाचं वर्ष, ऑगस्ट महिना. बाबा तीन आठवडे इस्पितळात होते, तू रात्री बसायचास आणि मी सकाळी. त्या दिवशी सकाळी तू चहाला खाली गेला होतास. मी निघताना बाबांनी माझा पदर धरला आणि म्हणाले, ‘आज जाव नको गे, सुगंधा.’ आये तिथेच होती. मी म्हटलं, दोन तासांत येते बाबा, केसांच्या तेलाची जाहिरात आहे, छोटीच आहे. पदर सोडवून घेतला.

नव्या नवरीचं लाजरं हसू हवं होतं. मी हसत होते. काचेपलीकडे मास्तरांनी एक चिठ्ठी काचेला लावून धरली: ‘घरून फोन. वडील सीरियस.’ तो फोन तूच केला होतास, आणि निरोप मिळाला असं त्यांनी तुला सांगितलं, हे तुला माहीत आहे. पुढचं माहीत नाही. मी चिठ्ठी वाचली आणि काचेतून एक बोट वर केलं. एक टेक, म्हणून. मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं की अजून ते डोळ्यांसमोर आहे. एका टेकचे चार झाले. पार्टीला हसू पसंत पडत नव्हतं. चौथ्याला ते म्हणाले, आता बरोब्बर आलं.

असं का केलं ते मी कितीदा शोधलं. नवीन पार्टी होती, निघून गेले असते तर परत बोलावलं नसतं, हे खरं. बाबा याआधी दोनदा सीरियस होऊन सावरले होते, हेही खरं. पण माइकसमोर उभं राहिलं की बाहेरचं जग थांबून राहतं, असं मला वाटायला लागलं होतं. आत चुकलं की पुन्हा घेता येतं. बाहेरही तसंच असेल, असं मी धरून चालले. ही चूक दुसऱ्या कुठल्या धंद्यातल्या माणसाने केली नसती.

मग साकीनाक्याला बस अडकली. मी वॉर्डात आले तेव्हा बाबांना जाऊन वीस मिनिटं झाली होती. तू विचारलंस, ‘टेक चांगला झाला का?’ त्यानंतर तू माझ्याशी बोलला नाहीस. मी ‘हो’ म्हणाले होते, आठवतं तुला? सवयीने म्हणाले. आमच्याकडे तो प्रश्न विचारला की हो म्हणायचं असतं.

आणि ती पार्टी पुन्हा आली नाही. हसू दुसरीचं वापरलं, असं नंतर कळलं.

आता गेल्या शनिवारचं. तुझं पत्र आलं त्या आनंदात मी भान विसरले आणि आयेच्या खाटेवर बसून ते मोठ्याने वाचायला लागले. ‘आयेने सांगितलं की बाबांनीच तुला’ इथपर्यंत आले आणि वाटीचे दोन ठोके पडले. मी थांबले. पुन्हा दोन. माझ्याकडे बघत, एकसारखे, दोन, दोन, दोन. मग तिने वाटी खाली टाकून दिली. ती घरंगळत खाटेखाली गेली. मी काढून पुन्हा हाताशी ठेवली, तिने पुन्हा टाकली. तिसऱ्यांदा मी ठेवली नाही.

आज आठ दिवस झाले. पेज भरवली की गिळते. पाणी हवं का विचारलं तर हो नाही की नाही नाही. तोंड भिंतीकडे. तिच्यापाशी बोलायला उरलेलं तेवढं एकच होतं, अनंता, एक ठोका नाहीतर दोन, आणि तेही माझ्यामुळे गेलं. मी तिच्या तोंडून बोलले, म्हणून ती गप्प झाली.

हे लिहिलं नाही तर तू दिवाळीला येशील, मला जवळ घेशील आणि आयेच्या खाटेपाशी बसून तिचे आभार मानशील, तिने खरं सांगितलं म्हणून. ते ती कसं सोसेल? लिहिलं तर तू कदाचित येणारच नाहीस. चार वर्षांनी मिळालेला भाऊ मी माझ्या हाताने पाकिटात घालून परत पाठवते आहे. मला तू हवा आहेस रे. पण असा चोरून नको.

गुरुवार, २ ऑक्टोबर

आज सुट्टी, स्टुडिओ बंद. सकाळी आयेला पुसून घेतलं, वेणी घातली आणि तिच्या खाटेपाशी खाली बसले. रविवारी लिहिलेलं सगळं तिला वाचून दाखवलं, बोट वर केलं होतं त्यासकट. ते तिलाही माहीत नव्हतं. वाचताना माझा आवाज कुठेही लागला नाही, फाटत होता, चिरकत होता. मास्तरांनी ऐकलं असतं तर म्हणाले असते, बाई, घरी जा.

वाचून झालं तरी तोंड भिंतीकडेच. मी वाटी हाताशी ठेवली. या वेळी तिने टाकली नाही.

कोरी कॅसेट घरात नव्हती, दुकानं बंद. म्हणून तुझ्याच शेवटच्या कॅसेटवर, तुझं बोलणं संपतं तिथून पुढे थोडी पट्टी उरली होती, तिच्यावर रेकॉर्ड केलं. तीच सोबत पाठवते आहे. गोधडी घेतली नाही. कमलताईंचा कुकर, खिडकीतला कावळा, सगळं आलं आहे. कापलेलं काहीच नाही.

ऐकताना गोंधळ होऊ नये म्हणून क्रम लिहिते. आधी तुझा आवाज, ‘आये, सांभाळून राहा.’ मग खट्ट असं होईल आणि माझा प्रश्न येईल, ‘आये, बाबांनी काम टाकून येव नको, असा सांगितलेला काय?’ यानंतर बराच वेळ नुसती खरखर आहे. यंत्र बिघडलं समजू नकोस. तिला वळायला वेळ लागतो. मग दोन ठोके.

मी विचारलं, ‘आज जाव नको, असा सांगितलेला?’ एक.

मग जे विचारायचं ठरवलं नव्हतं ते विचारलं. ‘तुका माझो राग इलो?’ एक. हा सगळ्यात जोरात आहे. नळीचा रंग उडाला. इतक्या महिन्यांत मी तिच्या तोंडी किती वाक्यं घातली, त्यात हे कधी सुचलं नव्हतं. तिचं स्वतःचं, कुणी न घातलेलं. त्यानंतर नाक ओढल्याचा आवाज आहे तो माझा.

शेवटी विचारलं, ‘अनंताक सगळा खरा कळवतंय. तरी ये म्हणान सांगू?’

एक ठोका आला. मला वाटलं झालं, बंद करावं. तर पुन्हा एक. मग पुन्हा. एकेक, सुटा सुटा, मध्ये श्वास घेऊन. तोच श्वास, बोलण्याआधी थोडं थांबून नाकातून ओढलेला, तुला ओळखू येईल. मी अकरापर्यंत मोजले आणि मोजणं सोडलं. तिचा हात धरावा असंही वाटलं, पण धरला असता तर आवाज थांबला असता.

तू काय ठरवशील ते तुझं. माझ्यासाठी ये असं मी म्हणत नाही, म्हणण्याचं तोंड ठेवलेलं नाही. पण या कॅसेटवर माझा आवाज आहे तो प्रश्नांपुरता. बाकी सगळं आयेचं आहे.

आणखी एक. पट्टी संपून बटण वर आलं, तरी ती वाजवतच होती. तेवढं कॅसेटवर आलेलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

सुगंधा